चष्मा हलका करायचा तर वजन कुठे ठेवायचे? ऑगमेंटेड रिॲलिटीच्या चार मार्गांची तुलना

सांगली-मिरज-कुपवाड किंवा सातारा-कराड पट्ट्यात एखाद्या कारखान्याच्या जुळणी विभागासाठी, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी किंवा संग्रहालयाच्या दालनासाठी ऑगमेंटेड रिॲलिटीची व्यवस्था उभी करायची झाली, तर निर्णय घेणाऱ्यापुढे सर्वांत आधी वजनाचा प्रश्न उभा राहतो. समोरचे खरे दृश्य दिसत असतानाच त्यावर संगणकाने तयार केलेली खूण, आकृती किंवा सूचना दिसावी, एवढेच या तंत्राकडून अपेक्षित असते. परंतु त्यासाठी पडदा, भिंगे, कॅमेरे, प्रोसेसर आणि बॅटरी असे सगळे साहित्य कपाळावर चढवले, की आठ तासांची पाळी संपेपर्यंत ते डोक्यावर ठेवायला कोणीही राजी होत नाही. म्हणूनच प्रतिमा चष्म्यात तयार न करता छतावरच्या किंवा भिंतीवरच्या प्रोजेक्टरने दुरून चष्म्यात सोडावी आणि चष्म्यात फक्त काचा ठेवाव्यात, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. ती कोणासाठी योग्य आहे आणि कोणी आज तिच्यावर पैसे गुंतवू नयेत, हे ठरवण्यासाठी ही तुलना केली आहे.

तुलनेसाठी चार मार्ग घेतले आहेत. पहिला मार्ग स्वयंपूर्ण हेडसेटचा, ज्यात सारी यंत्रणा डोक्यावर असते. दुसरा तारेच्या चष्म्याचा, ज्यात पडदा डोळ्यांपुढे असतो, पण संगणन आणि वीज खिशातल्या फोनकडून किंवा कमरेच्या पेटीकडून येते. तिसरा मार्ग दूरस्थ प्रोजेक्टरचा: प्रोजेक्टर खोलीत बसवलेला असतो, तो चष्मा घातलेल्या माणसाचा माग काढतो आणि प्रकाशाचा झोत थेट त्या चष्म्यावर टाकतो. चौथ्या मार्गात चष्माच नसतो. प्रोजेक्टर कामाच्या टेबलावर, यंत्रभागावर किंवा भिंतीवरच प्रतिमा टाकतो. विक्रेते हा चौथा मार्ग सहसा या यादीत धरत नाहीत, पण निर्णय घेणाऱ्याने तो धरलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वजनाचा हिशेब

मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ चे वजन ५६६ ग्रॅम आहे आणि तिची बॅटरी वापरानुसार साधारण दोन ते तीन तास चालते. मॅजिक लीप २ मध्ये संगणक कमरेला लावायचा असल्याने डोक्यावर २६० ग्रॅम राहतात. फोनला तारेने जोडायच्या एक्सरिअल एअर २ चे वजन ७२ ग्रॅम आहे. मेटाने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलेला ओरायन हा ९८ ग्रॅमचा चष्मा अजून नमुन्याच्याच अवस्थेत आहे आणि त्यालाही संगणनासाठी वेगळी पेटी सोबत बाळगावी लागते. रोजचा नंबरचा चष्मा साधारण २० ते ४० ग्रॅमचा असतो, हे ध्यानात घेतले तर अंतर किती आहे ते कळते.

येथे केवळ ग्रॅमच मोजून भागत नाही. डोक्यावरच्या यंत्रणेत जितकी वीज खर्च होते, तितकी सगळी अखेर उष्णता होऊन कानशिलांपाशीच बाहेर पडते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्या माणसाला एक-दोन वॅटची उष्णताही नकोशी होते. शिवाय वजन नाकाच्या पुढे असेल तर मानेवर येणारा ताण त्याच्या प्रत्यक्ष ग्रॅमपेक्षा अधिक असतो. हेल्मेट, नंबरचा चष्मा किंवा धुळीसाठीचा मास्क आधीपासून वापरणाऱ्या कामगाराला त्यात आणखी एक पट्टा बांधायला सांगणे कितपत शक्य आहे, हे ज्याने शॉप फ्लोअर पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

दूरस्थ प्रोजेक्टरच्या मार्गात चष्म्यात बॅटरी नसते, प्रोसेसर नसतो, तापणारे काही नसते. प्रकाश आत घेणारा भाग, तो डोळ्याकडे वळवणारी काच आणि माग काढण्यासाठीच्या खुणा एवढेच असते. वजनाच्या एकट्या निकषावर हा मार्ग पहिला येतो. तथापि डोक्यावरून उतरलेले वजन नाहीसे होत नाही. ते छतावर जाते, आणि छतावर गेल्यावर त्याची किंमत ग्रॅममध्ये न राहता अचूकता, अंतर, कोन आणि अडथळे या रूपांत मोजावी लागते. छताचा आधार घेण्याची कल्पना तशी जुनीच आहे. संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवलेल्या डोक्यावरच्या पडद्याचा भार छतापासून लोंबणाऱ्या यांत्रिक बाहूने पेलला होता आणि डोके कुठे वळले आहे हेही तोच बाहू मोजत होता. आता बाहूची जागा प्रकाशाच्या झोताने घेतली आहे, आणि प्रकाशाला डोक्याच्या मागोमाग फिरवणे पोलादी बाहूपेक्षा कितीतरी कठीण आहे.

वेळेचा प्रश्न, जो बहुतेक कोटेशनांत नसतो

युता इतो, कान आक्शित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा दूरस्थ प्रोजेक्टरच्या रचनेचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. इतो टोकियो विद्यापीठाशी आणि आक्शित युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनशी संबंधित आहेत. त्यांच्या मांडणीत कॅमेरा चष्म्याचा माग काढतो, झोत वळवणारी यंत्रणा प्रोजेक्टरचा प्रकाश त्या दिशेला नेते आणि चष्म्यातील भिंगे तो प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचवतात. सगळी अडचण या साखळीला लागणाऱ्या वेळेत दडलेली आहे.

समजा, डोके हलल्यापासून सुधारित प्रतिमा दिसेपर्यंत २० मिलिसेकंद जातात. सहज मान वळवताना डोके सेकंदाला १०० अंश या गतीने फिरत असेल, तर तेवढ्या वेळात ते २ अंश वळलेले असते आणि हाताच्या अंतरावर, म्हणजे अर्ध्या मीटरवर, प्रतिमा खऱ्या जागेपासून सुमारे पावणेदोन सेंटिमीटर घसरलेली दिसते. पॅनेल वायरिंगमध्ये शेजारशेजारची टर्मिनले त्याहून कमी अंतरावर असतात, म्हणजे बाण चुकीच्या टर्मिनलकडे बोट दाखवतो. ही चूक स्वयंपूर्ण हेडसेटमध्येही होते. तेथे पुढच्या क्षणाची डोक्याची स्थिती अंदाजाने काढून ती बरीच कमी केली जाते.

दूरस्थ प्रोजेक्टरमध्ये मात्र या चुकीला आणखी एक चूक येऊन मिळते आणि तीच अधिक गंभीर आहे. माणूस सेकंदाला एक मीटर या गतीने बाजूला सरकला, तर २० मिलिसेकंदांत चष्मा २ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. प्रकाश आत घेणारी खिडकीच मुळात एक-दोन सेंटिमीटरची असेल, तर प्रतिमा घसरत नाही, ती पूर्ण नाहीशी होते, कारण झोत चष्म्यावर न पडता गालावर किंवा मागच्या भिंतीवर पडलेला असतो. चालत्या माणसाच्या सदऱ्याच्या एकाच गुंडीवर टॉर्चचा झोत धरून ठेवण्यासारखे हे काम आहे. त्यामुळे इतर मार्गांत जो विलंब केवळ त्रासदायक असतो, तो या मार्गात संपूर्ण व्यवस्था बंद पाडतो.

या अडचणीवर संशोधकांनी उत्तर शोधले आहे आणि ते प्रशंसनीय आहे. युइची हिरोई, इतो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या रचनेत डोके हलल्यापासून प्रकाश बदलेपर्यंतचा विलंब १३३ मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे एका मिलिसेकंदाच्या सातव्या-आठव्या भागापर्यंत, खाली आणला. वर धरलेल्या गतीने चालणारा माणूस तेवढ्या वेळात सुमारे ०.१३ मिलिमीटरच सरकतो, त्यामुळे झोत सुटण्याची भीती राहत नाही. पण हे यश नेहमीचा कॅमेरा आणि नेहमीचा संगणक वापरून मिळालेले नाही. माग काढणारा संवेदक आणि झोत वळवणारे आरसे यांची सांगड फार जवळून घातली, तेव्हा ते शक्य झाले. एखाद्या विक्रेत्याने बाजारातला वेबकॅम आणि फिरता प्रोजेक्टर जोडून "हीच ती पद्धत" असे सांगितले, तर त्याला पहिला प्रश्न विलंबाचा विचारावा.

अंतर, स्पष्टता आणि आरशाचा आकार

दूरस्थ म्हणजे किती दूर, याचे उत्तर भौतिकशास्त्रच देते. चष्म्यातील लहान पडद्यावर प्रतिमा उमटवण्याची रचना घेतली, तर त्या पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका किती बारीक होऊ शकतो, हे प्रकाशाची तरंगलांबी, अंतर आणि प्रोजेक्टरच्या तोंडाची रुंदी यांवर ठरते. २ मीटर अंतर, हिरवा प्रकाश आणि १ सेंटिमीटरचे तोंड असेल, तर ठिपका सुमारे ०.११ मिलिमीटरचा होतो. २ सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर असे जेमतेम १८० ठिपके मावतात, म्हणजे अक्षरे वाचण्याइतकीही स्पष्टता मिळत नाही. तोंड ५ सेंटिमीटर केले, तर त्याच पडद्यावर सुमारे ९०० ठिपके बसतात आणि मजकूर सुवाच्य होतो. मात्र तोच प्रोजेक्टर ६ मीटर उंच शेडच्या छताला लावला की ते पुन्हा ३०० वर येतात.

मग तोंड आणखी मोठे का करू नये? कारण झोत आरशाने वळवायचा असेल तर आरसाही तेवढाच मोठा लागतो. आरसा दुप्पट रुंद केला आणि जाडीही त्याच प्रमाणात वाढवली, तर त्याचे फिरण्याला विरोध करणारे जडत्व ३२ पट होते. म्हणजे स्पष्टता हवी तर मोठा आरसा, चपळता हवी तर छोटा आरसा, आणि लांबून काम करायचे तर दोन्ही एकाच वेळी हवेत. या मार्गाची मूळ ओढाताण ही आहे, आणि ती अधिक पैसे मोजून पूर्ण सुटणारी नाही. म्हणून तूर्तास हे तंत्र दोन-तीन मीटरच्या अंतरात, एका टेबलाभोवती किंवा एका खुर्चीभोवती विचारात घ्यावे. कुपवाडच्या उंच छताच्या शेडमध्ये कुठेही फिरा आणि प्रतिमा पाहा, असे चित्र कोणी रंगवले तर ते बाजूला ठेवावे.

प्रकाशाच्या काटकसरीत मात्र हा मार्ग चौथ्या मार्गाला स्पष्टपणे मागे टाकतो. एक चौरस मीटरच्या टेबलावर प्रतिमा टाकणारा ३,००० ल्युमेनचा (ल्युमेन हे एकूण प्रकाशाचे माप) प्रोजेक्टर त्या टेबलावर सुमारे ३,००० लक्स (म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) प्रकाश देतो, आणि टेबलावर तेलकट, काळपट ओतीव भाग असेल तर त्यातला बराचसा शोषला जातो. याउलट २ सेंटिमीटर बाजूच्या छोट्या चौकोनी पडद्यावर अवघे १० ल्युमेन टाकले, तरी तेथे २५,००० लक्स मिळतात. थोड्या प्रकाशात खूप उजळ प्रतिमा मिळण्याचा हा लाभ खरा आहे. तरीही एक मर्यादा पहिल्या तिन्ही मार्गांतील पारदर्शक चष्म्यांना समान आहे: चष्मा खऱ्या दृश्यावर प्रकाशाची भर घालतो, त्यामुळे त्यात काळा रंग दाखवता येत नाही आणि भर उन्हात प्रतिमा फिकी पडते. उघड्या दारातून दुपारचे ऊन आत येणाऱ्या जागेत कोणताही चष्मा घेण्यापूर्वी त्याच जागी, त्याच वेळी चाचणी मागावी.

कोन, अडथळे आणि संख्या

पूर्वीच्या रचनांत चष्म्याने प्रोजेक्टरकडे जवळजवळ सरळच तोंड ठेवावे लागे. सुमारे ५ अंशांच्या पलीकडे मान वळली की प्रतिमा जात असे. इतो, आक्शित आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये मांडलेल्या पातळ वेव्हगाइडच्या, म्हणजे प्रकाश आपल्या आतून डोळ्यापर्यंत नेणाऱ्या काचेच्या, चष्म्याने ही सूट २० ते ३० अंशांपर्यंत वाढवली. सुधारणा मोठी आहे, तरी फिटर एखादा बोल्ट कसताना मान किती वाकवतो ते एकदा पाहावे. बाजूच्या ट्रेमधला स्पॅनर उचलताना ३० अंश सहज ओलांडले जातात. त्यामुळे एका जागेसाठी एक प्रोजेक्टर पुरत नाही, दोन-तीन दिशांनी झोत लागतात. मध्ये हात आला, ओव्हरहेड क्रेनची साखळी आली, सुपरवायझर येऊन उभा राहिला, की प्रतिमा तुटते. चार कामगारांच्या चार जागा आणि प्रत्येकी दोन दिशा धरल्या, तर आठ प्रोजेक्टर आणि तितकीच माग काढणारी यंत्रणा लागते. स्वयंपूर्ण हेडसेटमध्ये चार माणसांना चार हेडसेट पुरतात आणि ती माणसे गोदामातही जाऊ शकतात.

वीजपुरवठा खंडित झाला तर हेडसेट आपल्या बॅटरीवर चालू राहतो, तर छतावरची यंत्रणा यूपीएसशिवाय बंद पडते. धूळ हाही वेगळा विषय आहे: फाउंड्रीची बारीक वाळू आणि काजळी आरशांवर व भिंगांवर बसते, आणि छताजवळची काच पुसायला रोज शिडी लावणारा माणूस मिळत नाही. प्रेस किंवा हॅमर शेजारी असेल तर त्याचा हादरा छताच्या चौकटीतून थेट झोतापर्यंत पोहोचतो.

डोळ्यांची सुरक्षितता

या बाबीत मी कोणतीही सवलत देणार नाही. दूरस्थ प्रोजेक्टरमध्ये लेझरचा वापर सोयीचा असतो, आणि तो झोत मुद्दाम माणसाच्या चेहऱ्याकडे रोखलेला असतो. वर घेतलेले १० ल्युमेन म्हणजे हिरव्या लेझरचे सुमारे १५ मिलिवॅट होतात. पांढऱ्या प्रकाशासाठी त्याहून अधिक लागतात. लेझरच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०८२५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरले जाते आणि त्यातील वर्ग २ मध्ये सतत चालणाऱ्या दृश्य लेझरला १ मिलिवॅटची मर्यादा आहे, तीही डोळा आपोआप मिटतो हे गृहीत धरून. झोत चार चौरस सेंटिमीटरवर पसरलेला असेल, तर बाहुलीत त्याचा साधारण दहावा भागच शिरतो, हे खरे. पण तोही या मर्यादेच्या वर भरतो.

तेव्हा चष्म्याची खूण दिसेनाशी होताच झोत आपोआप बंद होतो का, आणि किती वेळात होतो, हे लेखी घेतल्याशिवाय अशा यंत्रणेखाली कोणालाही बसवू नये. चष्मा घातलेल्या माणसापेक्षा त्याच्या शेजारी चष्म्याविना उभा असलेला माणूस अधिक धोक्यात असतो. स्वयंपूर्ण आणि तारेच्या चष्म्यांत हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. टेबलावरच्या प्रोजेक्टरमध्ये तो मर्यादित असतो, कारण तेथे झोत खाली टेबलाकडे असतो. अट एवढीच, की कोणी टेबलावर वाकून थेट वर भिंगात पाहू नये.

कोणासाठी काय

ठरावीक टेबलावर चालणाऱ्या जुळणीच्या कामाला मी चौथाच मार्ग सुचवेन. वस्तूवरच प्रोजेक्टरने माहिती टाकण्याच्या या पद्धतीची मांडणी १९९८ मध्ये रमेश रासकर, ग्रेग वेल्च आणि हेन्री फुक्स यांनी केली होती. रासकर हे मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, हे आपल्याकडच्या वाचकाला ठाऊक असावे. कामगाराच्या डोक्यावर काहीच नसते, शेजारी उभा असलेला शिकाऊ मुलगाही तीच खूण पाहतो, पाळी बदलली तरी काही काढावे-घालावे लागत नाही आणि बिघडले तर साधा प्रोजेक्टर बदलता येतो. १९१० पासून किर्लोस्करवाडीत यंत्रनिर्मिती रुजलेल्या या भागात पंप आणि व्हॉल्व्हच्या जुळणीचे काम भरपूर आहे, आणि त्यातले पुष्कळसे टेबलावरच होते. पृष्ठभाग काळा किंवा चकचकीत असेल तर खूण वस्तूवर न टाकता शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर टाकावी. एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते.

कंट्रोल पॅनेलच्या आत डोके घालून वायरिंग करणाऱ्यांचे तसे नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंगमधील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी विमानांतल्या तारांच्या जुळणीसाठी अशा चष्म्याचा विचार मांडला, त्यामागेही हीच गरज होती. पॅनेलच्या पेटीत बाहेरचा प्रोजेक्टर पोहोचत नाही, त्यामुळे तिसरा आणि चौथा असे दोन्ही मार्ग येथे बाद होतात. अशा जागी तारेचा हलका चष्मा घ्यावा, तार खांद्यावरून मागे न्यावी, आणि तो सबंध पाळीभर न घालता नवे पॅनेल पहिल्यांदा जोडताना तेवढा वापरावा. होलोलेन्स २ कोणी स्वस्तात देत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: २०१९ मध्ये ३,५०० डॉलरना आलेल्या या हेडसेटचे उत्पादन ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबवण्यात आले आहे आणि तिच्या सुरक्षाविषयक सुधारणा २०२७ अखेरपर्यंतच मिळणार आहेत. चार-पाच वर्षे चालवायच्या यंत्रात ती आता मोजू नये.

मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज हे वैद्यकीय केंद्र आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी हे तंत्र कसे, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. शल्यविशारद एका जागी उभे असतात, मानेवर भार नको असतो आणि अंतरही थोडे असते, म्हणून कागदावर तिसरा मार्ग फार जुळतो. पण शस्त्रक्रियेचे दिवे ४०,००० लक्सच्या वर प्रकाश देतात, त्या उजेडात चष्म्यातली भर फिकी पडते. वरची जागा दिव्यांनीच व्यापलेली असते. आणि वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार मान्यता नसलेली यंत्रणा रुग्णावर वापरण्याचा प्रश्नच येत नाही. सध्या हा विषय अभ्यासापुरता ठेवावा.

संग्रहालयांत उत्तर वस्तूनुसार बदलते. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे प्रदर्शनासाठी आली. शाळांच्या सहली अशा दालनात चाळीस-चाळीस मुलांनी येतात. प्रत्येक मुलामागे एक झोत ही कल्पना तेथे टिकत नाही, आणि हेडसेट प्रत्येकाच्या डोक्यावरून उतरवून पुसून दुसऱ्याला देण्यात सहलीची वेळ संपते. वस्तूशेजारच्या भिंतीवर किंवा चौथऱ्यावर प्रोजेक्टरने माहिती टाकणे हेच तेथे व्यवहार्य आहे, आणि तारेचे दोन-तीन चष्मे अभ्यासकांसाठी ठेवता येतील.

परंतु औंधच्या श्री भवानी संग्रहालयासारख्या चित्रसंग्रहात हाच सल्ला घातक ठरेल. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभ्या केलेल्या त्या संग्रहात राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत. तैलचित्रांवर साधारण २०० लक्सपेक्षा आणि जलरंग, कागद किंवा वस्त्रांवर ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा जतनाचा रूढ नियम आहे. टेबलावर ३,००० लक्स टाकणारा प्रोजेक्टर अशा चित्राकडे वळवणे म्हणजे रंगांचे आयुष्य कमी करणे होय. चष्म्यात सोडलेला प्रकाश मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यात जातो, चित्रावर पडत नाही. चित्रासमोर प्रेक्षक बराच वेळ स्थिर उभा राहतो, चार्जिंगची कटकट नको असते, काचा पुसून लगेच पुढच्याला देता येतात. म्हणून दूरस्थ प्रोजेक्टरचे तंत्र पुढे बाजारात आले, तर या भागात त्याची सर्वांत योग्य जागा अशा चित्रदालनातच असेल, असे मला मनापासून वाटते. मात्र झोत चुकला तरी तो चित्रावर पडणार नाही, अशा रीतीने प्रोजेक्टर चित्राच्या बाजूने, प्रेक्षकाकडे तोंड करून लावावा लागेल, आणि तोपर्यंत फोन किंवा टॅबलेटवर भागवावे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांचा विचार मी मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण तेथे माझा सल्ला उलट आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय असो, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो किंवा परिसरातले अन्य कोणतेही, प्रयोगशाळेसाठी मिळालेल्या निधीतून केवळ तयार हेडसेट विकत घेतले, तर विद्यार्थी त्यावर दुसऱ्याने बनवलेली ॲप्स चालवण्यापलीकडे फारसे काही शिकत नाहीत, आणि कंपनीने पाठिंबा थांबवला की कपाट भरते. दूरस्थ प्रोजेक्टर हा विकत घेण्याचा नव्हे तर बांधण्याचा विषय आहे. झोत वळवणारे गॅल्व्हो आरसे लेझर शोच्या साहित्यात मिळतात, छोटा लेझर प्रोजेक्टर मिळतो, चौकट थ्री-डी प्रिंटरवर होते, अर्धपारदर्शक काच आणि भिंगे प्रयोगशाळेच्या पुरवठादारांकडे असतात. यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या तिन्ही शाखांना यात समान काम आहे, आणि आरशाचे जडत्व, नियंत्रणाचा विलंब, प्रकाशाचे विवर्तन (ज्यामुळे ठिपका ठरावीक मर्यादेपेक्षा बारीक होत नाही) हे पुस्तकातले विषय एकाच टेबलावर एकमेकांशी भांडताना दिसतात.

क्रम मात्र पाळावा. आरंभी चष्मा स्टँडवर स्थिर ठेवून माणसाच्या डोळ्याऐवजी कॅमेऱ्याने प्रतिमा पाहावी आणि अंतर वाढवत ठिपका कसा मोठा होतो ते मोजावे. नंतर स्टँड एकाच दिशेत, ठरलेल्या गतीने सरकवून झोत कोणत्या गतीला सुटतो ते नोंदवावे. खूण हरवताच झोत तोडणारा परिपथ संगणकाच्या प्रोग्रॅमवर अवलंबून न ठेवता स्वतंत्र बांधावा आणि त्याची चाचणी दुसऱ्या गटाकडून करून घ्यावी. प्रकाशाची शक्ती मोजण्याचे मीटर आणि योग्य तरंगलांबीचे सुरक्षा-गॉगल यांची खरेदी प्रोजेक्टरच्या आधी करावी, आणि डोळ्यात शिरणारा प्रकाश मानकाच्या मर्यादेत असल्याचे मोजून सिद्ध होईपर्यंत चष्म्यामागे कॅमेराच राहू द्यावा.